डवऱ्याचं अंतर

दारव्ह्याला, स्टेशनच्या मागे,
जिथे आता गाडी येत नाही,
आमचं शेड आहे. आत प्लाझ्मा कटर
आणि त्याच्या उशाशी
एक पिवळा पडलेला संगणक.
मी तो रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसते
आणि इंटरनेटला कधीच जोडत नाही.

त्याच्या पाठीत एक डोंगल खुपसलेलं,
करंगळीएवढं. जरा हललं
की सॉफ्टवेअर म्हणतं, तू कोण?
बाबा त्याला ताईत म्हणतात.
दोऱ्यानं बांधूनही ठेवलाय.

प्रज्योत नागपूरहून आला,
लॅपटॉपवर लिनक्स,
आवाजात नवी दीक्षा घेतल्यासारखं काहीतरी.
"ताई, फेक हे. ते सगळं फुकट आहे, मोकळं आहे."
दोन रात्री जागला.
कटरनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.
तिसऱ्या सकाळी बाबा चहा घेऊन आले.
"काऊन रे, चालून नाही रायलं?"
"ड्रायव्हर नाही याला, मोठेबाबा."
"मंग मी हाये ना. ट्रॅक्टरचं लायसन हाये माह्यापाशी."

हसून झाल्यावर मी त्याला
शेडच्या मागच्या भिंतीपाशी नेलं.
तिथं बाबांनी ठोकलेले डवरे टांगलेत,
गंजलेल्या पाशींसकट,
प्रत्येकावर खडूनं गिऱ्हाइकाचं नाव.
काही नावांची माणसं आता नाहीत.

बघ, आधी तिफण जाते.
तिच्या फणांत जेवढं अंतर
तेवढ्यावर तासं उगवतात.
मग आख्खा हंगाम
डवरा त्याच मापाचा लागतो.
तिफण चांगली होती का, हे डवरा विचारत नाही.
चुकीच्या मापाचा घातलास
तर तण राहतं आणि पऱ्हाटी कापली जाते.

ही चित्रं काढणारी सॉफ्टवेअरं
पूर्वी म्हणे थंड खोल्यांतल्या
महाग मशीनींवर चालायची,
तिथली सिस्टीमच निराळी.
मग स्वस्त डबे आले,
त्यांच्यावर विंडोज आलं,
आणि लिहिणाऱ्यांनी गिऱ्हाइकं मोजली.
कारखाने म्हणाले, पोरं हेच शिकून येतात.
कॉलेजं म्हणाली, कारखाने हेच मागतात.
मशीनवाल्यानं ड्रायव्हर एकदाच लिहिला,
एकाच खिडकीसाठी,
आणि कंपनी विकून मोकळा झाला.
कुणी लबाडी केली असं नाही.
थोडी केलीही असेल.
मीही त्याच तासात उगवले,
यवतमाळ पॉलिटेक्निक, दोन हजार अकराची बॅच.

प्रज्योत बराच वेळ
एका डवऱ्याची पास अंगठ्यानं चाचपत राहिला.
"म्हणजे पुढच्या पेरणीपर्यंत थांबायचं?"
पुढची पेरणी कधी, ते मला ठाऊक नव्हतं.

दुपारी बोदेगावचे चवरे आले.
यंदा त्यांनी कुणाचं तरी ऐकून
जोडओळ पेरली होती, पट्टे सोडून,
भिंतीवरच्या कोणत्याच डवऱ्यात न बसणारी.
नवा पाहिजे, उद्या पाहिजे.
प्रज्योतनं चित्र त्याच्या फुकटातल्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं.
सुंदर काढलं, मापं माझ्याहून नेटकी.
पेनड्राइव्हवर घातलं,
पिवळ्या डब्यानं दोनदा नाकारलं,
तिसऱ्यांदा उघडलं.

रेषा सगळ्या जागेवर.
फक्त वर्तुळं वर्तुळं राहिली नव्हती.
वाटेत कुठंतरी त्यांचे तुकडे पडले,
छोट्या सरळ रेषांचे,
लांबून गोल दिसणारे.
मी तसंच कापलं. वेळ नव्हता.

आता पत्रा व्हाइसमध्ये आवळलाय,
बोल्टच्या भोकात अर्धगोल कानस,
मी घासते, तो टॉर्च धरतो,
कारण लाइट गेली आहे
आणि या घडीला दोन्ही सिस्टीम बंद.
बाबा खाटेवरून विचारतात,
"झालं का गोल?"
एका भोकाला छत्तीस कोपरे.
सतरावा चालू आहे.